प्रेमाची तलफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ज्यांचं चित्त थाऱ्यावर नाही त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. खान्देशात याला कुणी नाद म्हणतं, कुणी वेड; कुणी नुसतंच ‘माले काहीच सुचस नही’ म्हणून गप्प बसतं. घाईत असाल तर तलफ आल्यावर काय करायचं तो प्रश्न आधी वाचा. जीव नकोसा वाटत असेल तर बाकी सगळं राहू द्या आणि आत्ता १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

प्रेमाला व्यसन म्हणायचं? हा प्रेमाचा अपमान नाही का?

प्रेम हा आजार नाही. डॉक्टर ज्या दोन मोठ्या याद्यांवरून मानसिक आजारांचं निदान करतात, त्यांतल्या एकीतही ‘प्रेमाचं व्यसन’ असं निदान नाही. अमेरिकेच्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) पदार्थाविना जडणाऱ्या व्यसनांपैकी फक्त जुगाराला जागा मिळाली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये जुगार आणि गेमिंग हे दोन आहेत. म्हणून स्वतःवर किंवा पोरावर ‘व्यसनी’ असा शिक्का मारू नका.

साम्य मात्र खरं आहे. स्टँटन पील या मानसशास्त्रज्ञाने ते १९७५ सालीच मांडलं होतं. तलफ येते. मात्रा वाढत जाते: आधी दिवसाला एक फोन पुरायचा, मग तीन लागतात, मग रात्रभर कॉल चालू ठेवल्याशिवाय झोप येत नाही. फोन नाही आला की तगमग होते, हातापायांतलं बळ जातं. आणि ‘आता बास’ असं ठरवूनही माणूस पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहतो. तंबाखू सोडायला निघालेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल.

या पानाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: ओढ किती आहे त्यावरून प्रेम किती आहे ते ठरत नाही. ‘इतकी आठवण येते म्हणजे हेच खरं प्रेम’ हा हिशेब चुकतो, आणि त्या एका चुकीपायी माणसं वर्षानुवर्षं झुरत राहतात.

मेंदूत नेमकं होतं तरी काय?

मेंदूच्या खालच्या, मधल्या भागात व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन पुढे पाठवतात. हेलन फिशर, आर्थर ॲरन आणि ल्युसी ब्राउन या संशोधकांच्या गटाने २००५ मध्ये प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला, तेव्हा हाच पुंजका जागा झाला. २०१० मध्ये याच गटाने प्रेमात नकार मिळालेल्या, पण ओढ न सुटलेल्या १५ जणांना तपासलं. त्यांच्यातही हाच भाग जागा होता. शिवाय कोकेनची तलफ येते तेव्हा जे भाग पेटतात, त्यांतलेही काही पेटलेले दिसले. या मंडळींनी स्वतःच सांगितलं होतं की जागेपणीचा ८५ टक्क्यांहून अधिक वेळ सोडून गेलेल्या माणसाच्या विचारात जातो. अभ्यास लहान आहेत, माणसं थोडी आहेत, हे ध्यानात ठेवावं. पण वेगवेगळ्या वेळी केलेल्या तपासण्यांचं बोट एकाच दिशेला जातं.

डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, आणि इथेच घोळ होतो. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी अनेक वर्षं प्रयोग करून दाखवलं की मेंदूत ‘हवं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन मुख्यतः हवं वाटण्याचं काम करतं. म्हणूनच ज्या माणसाशी बोलून गेल्या सहा महिन्यांत एकदाही बरं वाटलेलं नाही, त्याचाच फोन यावा म्हणून जीव टांगणीला लागतो. गुटख्याची चव आवडत नाही असं सांगत सांगत पुडी फोडणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तसंच हे.

दुसरी गोष्ट खुणेची. मेंदूचेच अभ्यासक वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की आधी रस तोंडात पडला की डोपामिनच्या पेशी उसळतात. मग काही दिवसांनी रसाआधी येणारी खूण दिसली तरी उसळतात, आणि खूण दिसूनही रस आला नाही तर नेहमीपेक्षाही खाली जातात. आता हे फोनला लावून बघा. उशीपाशी उलटा ठेवलेला मोबाइल थरथरतो. हात आपोआप जातो, छातीत धस्स होतं. स्क्रीन उजळते आणि मेसेज रिचार्ज संपत आल्याचा असतो. त्या क्षणी मन जितकं खाली जातं, तितकं ते मेसेज आलाच नसता तर गेलं नसतं.

तिसरं म्हणजे डोक्यात तेच तेच फिरणं. इटलीत डोनातेला मराझिती यांनी १९९९ मध्ये २० नव्या प्रेमिकांचं रक्त तपासलं. रक्तातल्या प्लेटलेट्सवर सेरोटोनिन (मेंदूतही काम करणारं आणखी एक रसायन) वाहून नेणारं एक प्रथिन असतं. ते त्यांच्यात इतरांपेक्षा कमी होतं आणि जवळपास ओसीडीच्या (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) रुग्णांइतकंच होतं. त्यांच्यातल्या काहींना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा पूर्ववत झालेला होता.

मग सगळंच प्रेम असं असतं का? हे किती दिवस टिकतं?

सुरुवातीचा जोर बहुतेकांना येतो आणि त्यात वावगं काही नाही. या अवस्थेला डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ मध्ये ‘लिमरन्स’ असा शब्द दिला. त्यांचा अंदाज साधारण दीड ते तीन वर्षांचा होता. प्रतिसाद ना धड हो, ना धड नाही, असं असेल तर ही अवस्था जास्त लांबते.

जोर ओसरला म्हणजे प्रेम आटलं, असं मात्र नाही. २०११ मध्ये लग्नाला सरासरी २१ वर्षं झालेल्या आणि अजूनही जोडीदारावर जीव असलेल्या १७ जणांचा मेंदू तपासला, तेव्हा तोच डोपामिनचा पुंजका जागा होता. नव्या प्रेमातली धास्ती आणि तेच ते घोळवत राहणं मात्र त्यांच्यात दिसलं नाही.

माझं प्रेम आहे की तलफ, हे घरच्या घरी कसं ओळखू?

दोन आठवडे वही ठेवा. पान आडवं धरून चार रकाने आखा: वेळ, तलफ किती (० ते १०), त्याच्या आधी काय घडलं, आणि बोलणं झाल्यावर तासाभराने कसं वाटलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘बरं वाटलं, कामाला लागलो’ असं येत असेल तर काळजीचं कारण नाही. ‘दहा मिनिटं बरं, मग पुन्हा तेच’ किंवा ‘आधीपेक्षा वाईट’ असं पुन्हा पुन्हा येत असेल तर तुम्ही तलफ भागवत आहात.

बाकी खुणा साध्या आहेत. झोप, जेवण, अभ्यास, शेताचं किंवा दुकानाचं काम यांपैकी दोन तरी गोष्टी महिनाभर विस्कटल्यात का? मित्रांशी, बहिणीशी खोटं बोलावं लागतं का? कपाशीच्या वेचणीचे किंवा खतासाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले का? त्या माणसासमोर तुम्ही जसे आहात तसे राहता, की प्रत्येक वाक्य मनात तीनदा घासून मग बोलता?

प्रेमात माणसाचं जग मोठं होतं. पूर्वी न केलेल्या गोष्टी कराव्याशा वाटतात, तिच्या किंवा त्याच्या घरची माणसंही आपली वाटू लागतात. तलफेत जग फोनच्या पडद्याएवढं होतं.

तो चार दिवस गोड बोलतो, मग आठवडाभर गायब. तरी मी त्याच्यातच जास्त का अडकते?

तरी नव्हे, त्यामुळेच.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात. दर डावाला हरणारा माणूस लवकर उठतो. मधूनच एखादा डाव जिंकणारा पहाटेपर्यंत उठत नाही. बक्षीस कधी मिळेल ते ठरलेलं नसलं की सवय सगळ्यात घट्ट बसते आणि सगळ्यात उशिरा सुटते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर दाखवलं होतं. शुल्त्झ यांच्याच प्रयोगशाळेतून २००३ मध्ये पुढचा दुवा मिळाला: बक्षीस मिळण्याची शक्यता अर्धी-अर्धी असते, तेव्हा वाट बघण्याच्या काळात डोपामिनच्या पेशींची हालचाल सगळ्यात जास्त वाढत जाते. म्हणजे ‘येईल का नाही’ ही हुरहूर हाच नशेचा मोठा भाग आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अशा माणसाची ओढ जास्त वाटते हा त्याच्या चांगुलपणाचा पुरावा नाही. दुसरी, ‘मी अजून थोडं समजून घेतलं तर तो सुधारेल’ या आशेवर थांबण्याआधी तारखा लिहून काढा. गेल्या तीन महिन्यांत तो किती दिवस होता, किती दिवस नव्हता, आणि परत आला तेव्हा त्याला काही काम होतं का? मनातल्या मनात हिशेब करू नका. मन जिंकलेले डाव तेवढे लक्षात ठेवतं. कागदावर मांडा.

गायब होण्याच्या जोडीला मारहाण, पैसे काढून घेणं, फोटो पसरवण्याची धमकी असेल तर प्रश्न तलफेचा राहत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडी असेल तर ११२.

आम्ही एकमेकांशी कधी बोललोही नाही. तरी दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

न बोललेल्या माणसाबद्दल मन हवं ते रंगवू शकतं. त्याला खोडायला समोरचं माणूसच नसतं. एसटी स्टँडवर तिने एकदा मागे वळून पाहिलं, ती बस बघत होती की तुम्हाला, हे कधीच कळत नाही. आणि न कळल्यामुळे तो क्षण संपत नाही. यावर उपाय एकच: एकदा, एकट्याला गाठून नव्हे तर चार माणसांच्या वावरातल्या जागी, साध्या शब्दांत विचारा आणि उत्तर मिळेल ते शेवटचं माना. विचारणं शक्य नसेल (लग्न झालेलं आहे, शिक्षक आहेत, वयात मोठं अंतर आहे) तर उत्तर ‘नाही’ आहे असं धरून पुढच्या पायऱ्या सुरू करा.

ब्रेकअपनंतर छातीत खरोखर दुखतं. हे मनाचे खेळ आहेत का?

दुखणं खरं आहे. २०११ मध्ये एथन क्रॉस यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांना आधी सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला आणि मग हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली. दोन्ही वेळी मेंदूतले शारीरिक वेदनेचे काही भाग जागे झाले.

तरीही छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं असं एकदम झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक कप्पा फुग्यासारखा फुगून काम मंदावतं, असा ताकोत्सुबो नावाचा विकार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला हे नाव दिलं. तो जास्त करून पाळी थांबलेल्या बायकांत दिसतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असल्याने फरक फक्त रुग्णालयात कळतो.

संपर्क एकदम तोडायचा की हळूहळू?

नातं संपलं असेल तर एकदम. ‘आपण मित्र म्हणून राहू’ हे सहा महिन्यांनी ठरवता येईल. पहिल्याच आठवड्यात ते म्हणजे दारू सोडून बिअर घेण्यासारखं आहे. दर थोड्या घोटाने मेंदूतली आशा जिवंत राहते, आणि वर सांगितल्याप्रमाणे मधूनच मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट. पहिला टप्पा ६० दिवसांचा ठेवा. हा आकडा कुठल्या प्रयोगातला नाही, पाळता येईल असा मुक्काम म्हणून घ्यायचा.

फोनवर काय करायचं ते क्रमाने:

१. एकच शेवटचा मेसेज, तीन ओळींच्या आत: ‘मी पुढचे दोन महिने संपर्क ठेवणार नाही. मला सावरायला वेळ हवा आहे. कृपया तूही करू नकोस.’ कारणं नकोत, दोष नकोत, प्रश्न तर मुळीच नको. प्रश्न टाकला की उत्तराची वाट सुरू होते.

२. व्हॉट्सॲपवर ब्लॉक. त्याला धीर होत नसेल तर निदान चॅट अर्काइव्ह करा, स्टेटस म्यूट करा आणि सेटिंग्ज, प्रायव्हसी इथे जाऊन स्वतःचं लास्ट सीन ‘नोबडी’ आणि ऑनलाइन ‘सेम ॲज लास्ट सीन’ करा. आपलं लपवलं की दुसऱ्याचंही दिसत नाही. रात्री दोन वाजता ‘अजून ऑनलाइन आहे, कोणाशी बोलत असेल’ ही तगमग या दोन बटणांनी बरीच कमी होते.

३. गट तपासा. ब्लॉक केलेल्या माणसाचे मेसेज सामाईक ग्रुपमध्ये दिसतच राहतात. कॉलेजचा ग्रुप सोडता येत नसेल तर म्यूट करून अर्काइव्ह करा, आणि नोट्स दुसऱ्या कुणाकडून घ्या.

४. पैशांची ॲप्स विसरू नका. सगळीकडे ब्लॉक केल्यावर एक रुपया पाठवून त्यासोबत ‘एकदा बोल ना’ लिहिणं, हे सर्रास होतं. तिथेही ब्लॉकची सोय असते.

५. फोटो डिलीट करायला हात धजत नसेल तर पेन ड्राइव्हमध्ये घालून भरवशाच्या माणसाकडे द्या. मग फोनमधून काढा, आणि ‘रिसेंटली डिलीटेड’ किंवा ‘ट्रॅश’ही रिकामं करा. तिथे ते महिना-दोन महिने पडून असू शकतात.

बिघडतं कुठे? मित्राच्या फोनवरून तिचं स्टेटस बघण्यात. नवं सिम घेण्यात. ‘त्याचं कसं चाललंय’ म्हणून त्याच्या चुलतभावाला विचारण्यात. संपर्क तोडला असं वाटतं, पण थेंब थेंब चालूच असतो. आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा: ‘मी विचारलं तरी सांगू नका.’

आणि एक इशारा. साधारण पहिल्या काही दिवसांत ओढ कमी व्हायच्या ऐवजी अचानक वाढू शकते. पूर्वी चालणारं बटण चालेनासं झालं की माणूस ते अजून जोरात दाबतो, तसं. सवय मोडताना असा उसळा येऊ शकतो; तो आला म्हणजे तुमचा निर्णय चुकला असं समजू नका.

तलफ आली की त्या घडीला काय करू?

घड्याळ लावा, वीस मिनिटांचं. तलफ लाटेसारखी असते. भागवली नाही तरी ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. या वीस मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आधी तोंडावर गार पाणी, मग एक ग्लास पाणी सावकाश पोटात. त्यानंतर अंग हलवायचं: भरभर चालणं, गोठा झाडणं, दोन बादल्या कपडे धुणं, काहीही, फक्त बसून राहायचं नाही. घड्याळ वाजलं की वहीत तलफेचा आकडा लिहा. आठवरून पाच झाला असेल तर पुन्हा वीस मिनिटं लावा.

‘विचार करायचाच नाही’ असा चंग बांधू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर तेच सतत आठवायला लागलं. आठवण आली की ‘ही तलफ’ असं मनात नाव द्या आणि हातातलं काम चालू ठेवा.

मेसेज लिहिल्याशिवाय राहवत नसेल तर कागदावर लिहा, संपूर्ण लिहा, घडी घालून पत्र्याच्या डब्यात टाका. २४ तासांनी काढून वाचा. त्यानंतर पाठवण्यासारखं क्वचितच काही उरतं.

सगळ्यात वाईट वेळ बहुतेकांची रात्री नऊ ते बारा. पोट रिकामं, अंग थकलेलं, माणूस एकटं. उन्हाळ्यात आपण गच्चीवर, धाब्यावर झोपतो. वर आभाळ, कुशीत फोन, आणि झोप येत नाही. फोन खाली घरात चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या. भूक मेली असेल तर पूर्ण ताटाचा आग्रह नको. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं: एक केळं, वाटीभर खिचडी, ताक, अर्धी भाकरी. सलग दोन दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला तलफ आवरणं जास्त जड जातं.

रोज त्याच एसटीत, त्याच वर्गात भेट होते. ब्लॉक करून काय उपयोग?

जिथे टाळता येतं तिथे टाळा: आधीची बस धरा, बसायची जागा बदला, चहाची टपरी बदला. टाळता येत नाही तिथे बोलणं कामापुरतं ठेवा: मान हलवून ओळख द्या, कामाचं एक वाक्य बोला आणि पुढे चला. ‘कशी आहेस?’ विचारायचं नाही, कारण उत्तर ऐकायला तुम्ही थांबाल. लग्नसराईत समोरासमोर येण्याचा संभव असेल तर कुणासोबत जायचं आणि किती वाजता निघायचं, हे घरूनच ठरवून निघा. परत आल्यावर त्या रात्री उसळा येणार हे धरून चाला.

दोन महिने पाळलं आणि काल मेसेज टाकला. सगळं वाया गेलं?

नाही. व्यसनमुक्तीच्या कामात घसरणं आणि पुन्हा जुन्या वाटेला लागणं यांत फरक करतात. एक मेसेज म्हणजे घसरणं. ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून रात्रभर बोलणं म्हणजे पुन्हा जुन्या वाटेला लागणं. आज पुन्हा ब्लॉक करा आणि वहीत लिहा: मेसेजच्या आधीचे तीन तास काय चाललं होतं? बहुतेक वेळा तिथे एखादं जागरण, घरातलं भांडण किंवा दारूचा पेला सापडतो. बंदोबस्त त्याचा करायचा.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो. दुःखात घेतलेली दारू झोप मोडते आणि आवर घालणारं भान आधी घालवते. नको ते फोन त्यानंतरच लागतात. एका तलफेवर दुसरी तलफ बसवली की दोन सोडवाव्या लागतात. लगेच नवं प्रेम शोधण्याचंही तेच, फक्त त्यात आणखी एका माणसाचा जीव अडकतो.

किती दिवसांत बरं वाटेल?

ठरलेला आकडा कुणी देऊ शकत नाही. नकार मिळालेल्यांच्या २०१० च्या त्या अभ्यासात नकाराला जितके दिवस जास्त झाले होते, तितकी जिव्हाळ्याशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागातली हालचाल कमी दिसली. दिवस आपलं काम करतात. वहीतले आकडे बघा: आधी दोन तलफांमधलं अंतर वाढतं, मग जोर कमी होतो. वाढदिवस, पहिला पाऊस, कानबाईच्या सणाचा रविवार अशा दिवशी आकडा पुन्हा वर जाईल. दुसऱ्या दिवशी उतरतो.

मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही आईवडील म्हणून काय करावं?

आधी काय करू नये ते. फोन हिसकावून फोडू नका. तो चोरून दुसरा मिळवतो आणि तुमच्याशी बोलणं मात्र बंद होतं. ‘त्या पोरीत काय ठेवलंय’ म्हणू नका. तो तिची बाजू घेत घेत आणखी गुंततो. अंगारे-धुपारे, ‘कुणी काही खाऊ घातलंय’ असल्या गोष्टींत पैसे आणि वेळ घालवू नका. आणि मन वळावं म्हणून घाईने लग्न लावू नका. जिचा यात काहीच दोष नाही अशी मुलगी तुम्ही तलफेवरचं औषध म्हणून घरात आणता.

मग करायचं काय? रोज एक वेळचं जेवण त्याच्यासोबत करा, तो विषय न काढता. शेतात, दुकानात अर्ध्या दिवसाचं ठरावीक काम सोबत द्या. आठवड्यातून एकदा साधं विचारा, ‘झोप लागते का रे?’ आणि उत्तर मिळालं की सल्ला न देता ऐका. आईपेक्षा मामा, आत्या किंवा मोठी वहिनी यांच्यापाशी मूल लवकर मोकळं होतं, त्यांना पुढे करा.

आणि आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे: फवारणीची औषधं घरात, ओट्याखाली, गोठ्यात उघडी ठेवू नका. कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. जीव द्यायचा विचार पुष्कळदा तलफेसारखाच चढतो आणि उतरतो. त्या घडीला हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतो.

घरचे आमच्या लग्नाला विरोध करतात आणि म्हणतात, हे प्रेम नाही, व्यसन आहे.

हे पान कुणी अशा कामासाठी वापरू नये. जात वेगळी आहे म्हणून प्रेम व्यसन ठरत नाही. वरची वही भरून बघा. दोघांची झोप, काम, शिक्षण नीट चाललंय, दोघंही एकमेकांना ‘नाही’ म्हणू शकतात आणि ते ऐकलं जातं, तर ते नातं आहे. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल तर लग्नाचा निर्णय त्यांचा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिल्यापासून ३० दिवसांचा अवधी जातो, तो धरून तयारी करा.

ती नको म्हणते, पण मला तिच्या गल्लीत गेल्याशिवाय राहवत नाही.

तुमची तगमग खरी आहे, पण तिची भीतीही तितकीच खरी आहे, आणि तिने ही तलफ मागितलेली नव्हती. स्पष्ट नकारानंतर मुलीचा पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क करणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आजपासून त्या गल्लीचा रस्ता बंद. लांबचा फेरा पडला तरी चालेल. हे एकट्याने जमत नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

यावर गोळी आहे का? जायचं कुठे?

प्रेमावर गोळी नाही. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक गेली, काम होत नाही असं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देऊ नका. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. समुपदेशनात तलफेच्या खुणा ओळखणं, विचारांची फिरती चाकं थांबवणं हे शिकवतात, त्याला काही बैठका द्याव्या लागतात.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. केस पेपर काढताना ‘मानसोपचार’ एवढंच सांगायचं, खिडकीवर कारण सांगावं लागत नाही. जाताना वही सोबत न्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला उपचार देणं हे सरकारचं काम आहे.

त्याने दिलेल्या वस्तूंचं काय करू? जाळून टाकू?

रागाच्या भरात जाळलेल्या वस्तूसाठी मागून रडणारे पुष्कळ असतात. सगळं एका खोक्यात भरा: घड्याळ, ओढणी, चिठ्ठ्या, बसची तिकिटंसुद्धा. चिकटपट्टी लावा, वर आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि खोकं स्वतःच्या घरात न ठेवता मावशीच्या किंवा मैत्रिणीच्या माळ्यावर ठेवा. अंगावरचे कपडे मात्र आधी धुऊन मग भरा. वास ही फार जोराची खूण असते, एका शर्टाने दहा दिवसांची मेहनत डळमळू शकते. दागिना किंवा पैसे असतील तर तिसऱ्या माणसाच्या हाती परत पाठवा आणि पोचल्याचं त्याच माणसाकडून कळू द्या. स्वतः द्यायला जाऊ नका.